जगल्याचा हिशोब कुणाला द्यायचाय?

वाचक मैत्रिणीचं पत्र, थोडक्यात (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत)

मी 47 वर्षांची. डोंबिवलीला राहते, राष्ट्रीयीकृत बँकेत 22 वर्षं नोकरी झाली. अडीच वर्षांपूर्वी डाव्या स्तनात गाठ लागली. केमो, ऑपरेशन, रेडिएशन सगळं पार पडलं. आता कॅन्सर परत येऊ नये म्हणून रोजची टॅमॉक्सिफेनची गोळी आणि दर सहा महिन्यांनी तपासणी. डॉक्टर म्हणतात, सगळं छान आहे. केमोच्या दिवसांत मी एका वहीत लिहून ठेवलं होतं, यातून उठले तर कशी जगेन ते. गाणं पुन्हा सुरू करीन. दापोलीजवळ माहेर आहे, तिथे वर्षातले दोन महिने राहीन. नको त्या माणसांसाठी वेळ घालवणार नाही. कुणावर चिडणार नाही. आज ती वही उघडायचं धाडस होत नाही. पहाटे पाचला उठणं, डबे, लोकल, बँक, संध्याकाळी सासूबाईंचं पथ्यपाणी, मुलीची बारावी. सगळं होतं तसंच सुरू झालंय. शनिवारी दुपारभर झोपले की वाटतं, देवाने दिलेले दिवस वाया घालवतेय. जाऊबाई म्हणतात, "तुझा पुनर्जन्म झालाय, आता तरी स्वतःसाठी जग." स्वेच्छानिवृत्ती घेऊन सरळ माहेरी जावं असं मनात येतं. यजमान म्हणतात, घराच्या कर्जाची अजून सहा वर्षं आहेत, भावनेच्या भरात काही ठरवू नकोस. माझ्याबरोबर केमो घेणारी एक मैत्रीण गेल्या वर्षी गेली. ती असती तर तिने या दिवसांचं काय सोनं केलं असतं, असं वाटून लाज वाटते. मी कृतघ्न आहे का? आणि सुरुवात नेमकी कुठून करू?

उत्तर

नाही, तुम्ही कृतघ्न नाही. तुम्ही हे शेवटी विचारलंत, पण मी आधी सांगते, कारण हा प्रश्न मनात टोचत असेल तर पुढचं काही नीट वाचलं जाणार नाही.

तुमच्या पत्राच्या तळाशी एक समजूत आहे, ती आधी वर काढू या. आपण वाचलो म्हणजे आपण कुणाचं तरी देणं लागतो, आणि ते देणं उरलेला प्रत्येक दिवस सार्थकी लावून फेडायचं आहे, अशी ती समजूत. पण तुम्ही वाचलात त्या वेळी कुणी तुमच्यापुढे करार ठेवला नव्हता. तुमची मैत्रीण गेली आणि तुम्ही आहात, यात दोघींच्या पुण्याईचा, जिद्दीचा किंवा वहीतल्या वचनांचा काही संबंध नाही. गाठ कोणत्या प्रकारची होती, कोणत्या टप्प्यावर कळली, औषधांना तिने किती दाद दिली, यावर बरंचसं ठरतं. उरलेलं पुष्कळदा डॉक्टरांनाही सांगता येत नाही. 2007 साली अमेरिकेत डोक्या-मानेच्या कॅन्सरच्या 1,093 रुग्णांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. उपचारांच्या सुरुवातीला ज्यांची मनःस्थिती चांगली होती ते जास्त जगले का, एवढंच त्यात पाहिलं होतं. तसा संबंध सापडला नाही. मी हा अभ्यास आवर्जून सांगते, कारण 'पॉझिटिव्ह राहा' हे वाक्य आजारातून उठलेल्या माणसाच्या छातीवर कसं बसतं ते मी जवळून पाहिलं आहे. चिडलं की भीती, रडलं की भीती, ऑफिसात ताण आला की भीती, की यानेच तो परत येईल. मुलीवर ओरडल्याने कॅन्सर परत येत नाही. तेव्हा वहीतलं 'कुणावर चिडणार नाही' हे कलम आजच खोडून टाका. बारावीची मुलगी, आजारी सासू आणि रोजची लोकल असलेल्या बाईला चिडण्याचा हक्क आहे.

मैत्रिणीबद्दल जे वाटतं त्याला तुम्ही लाज म्हणता. मला त्यात दुःख दिसतं, आणि त्या दुःखाला अजून कुठे जागा मिळालेली नाही. तिच्या घरचा नंबर असेल तर एकदा फोन करा. केमोच्या खुर्चीत बसून ती काय बोलायची, कशावर हसायची, हे तिच्या घरच्यांना माहीत नसेल. तुम्हाला माहीत आहे. तिच्या वाटचं आयुष्य तुम्ही जगून दाखवावं अशी अपेक्षा मात्र कुणीही करू नये, तुम्ही स्वतःही नाही.

आता त्या वहीबद्दल. तुम्ही धरून चालला आहात की वही लिहिणारी बाई खरी होती आणि आज पाचला उठून पोळ्या लाटणारी बाई तिचा विश्वासघात करते आहे. मला हे पटत नाही, आणि त्याची दोन कारणं आहेत.

स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या लॉरा कार्स्टेन्सन यांनी वर्षानुवर्षं एकाच गोष्टीचा अभ्यास केला आहे: पुढे किती वेळ आहे असं माणसाला वाटतं, त्यावर त्याला काय महत्त्वाचं वाटतं हे कसं बदलतं. वेळ थोडा आहे असं वाटलं की माणूस अगदी जवळच्या माणसांकडे आणि मनाला शांत करणाऱ्या गोष्टींकडे ओढला जातो. वेळ भरपूर आहे असं वाटलं की नव्या ओळखी, नवं शिकणं, पुढची तरतूद यांत गुंततो. 2003 मध्ये हाँगकाँगला सार्सची साथ आली तेव्हा तरुण माणसंसुद्धा वयस्करांसारखी घरच्यांकडे वळली होती आणि साथ ओसरल्यावर पुन्हा पहिल्यासारखी झाली, असं कार्स्टेन्सन आणि हेलेन फुंग यांना आढळलं. तुमचंही असंच झालं आहे. केमोच्या दिवसांत सगळं लख्ख दिसत होतं, कारण मन म्हणत होतं की वेळ संपत आलाय. आज ते तितकं लख्ख दिसत नाही, याचा अर्थ तुमचं मन पुन्हा वेळावर विश्वास ठेवू लागलं आहे. मुलीच्या बारावीची काळजी करायला पुढची वर्षं गृहीत धरावी लागतात. तुम्ही ती धरता आहात.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. तुम्ही वही लिहीत होतात तेव्हा घरातले डबे कोण करत होतं?

पत्रात त्याचा उल्लेख नाही, पण कुणीतरी करत होतंच. यजमान, पोळ्यांची बाई, बहीण, शेजारीण, कुणीही असेल. गणपतीत तुमच्याकडून उकडीच्या मोदकांची अपेक्षा त्या वर्षी नव्हती. कुणाच्या बारशाला, मुंजीला गेला नाहीत तर कुणी नाव ठेवलं नाही. बँकेत तुमचं टेबल दुसऱ्याने सांभाळलं. तुमच्या वतीने त्या वर्षभर आजार सगळ्यांना 'नाही' म्हणत होता. म्हणून तुम्हाला खिडकीशी बसून आयुष्याचा विचार करायला जागा मिळाली. मग उपचार संपले, केस आले, घरचे म्हणाले 'देवाची कृपा', आणि एकेक काम गुपचूप पूर्वीच्या जागी येऊन बसलं. कुणी ठरवून केलं नाही. तुम्हालाही उठून पुन्हा पोळी लाटता आली याचा आनंदच झाला असेल.

म्हणून 'सुरुवात कुठून करू' याला माझं उत्तर गाणं किंवा दापोली हे नाही. ती दोन्ही पुढे येतील. तुम्हाला काय हवं आहे हे तुम्हाला ठाऊक आहे, ते वहीत लिहिलेलंच आहे. तुमच्याकडे नाही तो ते ठेवायला वेळ, आणि तो वेळ आज घरातल्या चार माणसांच्या सोयींत वाटला गेला आहे. आजारपणात जी मुभा न मागता मिळाली होती, ती आता धडधाकट असताना, आजाराचं कारण पुढे न करता, मागून घ्यायची आहे. हे फार अवघड असतं. आजारी बाईला विश्रांती द्यायला आपल्या घरांत कुणाची ना नसते. बऱ्या झालेल्या बाईने संध्याकाळी एक तास गाण्याला जाते म्हटलं की मात्र स्वयंपाकाचं काय, असं विचारलं जातं.

त्याआधी शरीराकडे पाहू. तुम्ही शनिवारच्या झोपेला 'वाया' म्हणता. उपचारांनंतरचा थकवा महिनोन्‌महिने, काहींच्या बाबतीत वर्षानुवर्षं राहतो, आणि तो साध्या दमणुकीसारखा एका झोपेने जात नाही. त्यात टॅमॉक्सिफेनमुळे अंगातून गरम वाफा निघणं, रात्री घामाने जाग येणं हे अनेकींना होतं. रोज रात्री दोनदा झोपमोड होत असेल तर शनिवारची दुपार हे त्याचं बिल आहे. पुढच्या तपासणीला हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा. 'बाकी ठीक ना?' असं विचारल्यावर 'हो' म्हणून उठू नका. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-12 बघून घ्या. गोळी मात्र मनाने बंद करू नका. ती साधारणपणे पाच वर्षं, काही जणींना दहा वर्षं घ्यावी लागते. झोपेसाठी किंवा मनासाठी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलात तर टॅमॉक्सिफेन चालू असल्याचं आधी सांगा, कारण उदासीवरची काही औषधं तिच्या कामात अडथळा आणतात.

थकव्यावर सगळ्यात भरवशाचा उपाय ऐकायला विचित्र वाटतो: चालणं. आठवड्यातून तीन वेळा, अर्धा-अर्धा तास, बोलता येईल पण गाता येणार नाही इतक्या वेगाने. आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या शिफारशींत हेच आहे, आणि तेवढ्याने थकवा आणि चिंता दोन्ही कमी होतात असं त्यांनी नोंदवलं आहे. काखेतल्या गाठी काढल्या असतील तर डाव्या हाताला सूज येण्याचा धोका राहतो. लोकलच्या गर्दीत कुणीतरी तो हात दाबतं, तुम्ही त्याच खांद्यावर जड पर्स लटकवता, वर हँडलही त्याच हाताने धरता. मुंबईच्या लोकलमध्ये दिव्यांगांच्या डब्यातून कॅन्सरच्या रुग्णांनाही प्रवास करता येतो. डॉक्टरांचं पत्र जवळ ठेवा आणि संकोच न करता त्या डब्यात चढा. बाहेरून धडधाकट दिसता म्हणून कुणी बघेल, बघू दे.

फिट्झह्यू मुलन नावाचे अमेरिकी डॉक्टर होते. वयाच्या 32 व्या वर्षी त्यांना स्वतःला कॅन्सर झाला. 1985 मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी लिहिलं की उपचार संपल्यावर माणूस एकदम 'बरा' या खान्यात जात नाही. मध्ये एक लांब काळ असतो, त्यात आजार मागे हटलेला असतो, पण भीती आणि अशक्तपणा बरोबरच चालत असतात, आणि रुग्णालयाचा आधार मात्र सुटलेला असतो. तुम्ही आज त्या मधल्या काळात आहात. जाऊबाईंना वाटतो तसा हा नवा जन्म नाही. त्याच शरीराचं, त्याच घरातलं, पुढचं वर्ष आहे.

आता नोकरी. स्वेच्छानिवृत्तीचा विचार चुकीचा आहे असं मी म्हणत नाही. मला फक्त खात्री नाही की तुम्हाला दमवणारी गोष्ट बँकच आहे. एक आठवडा कागदावर मांडा: पहाटे पाच ते आठ घरात काय केलं, प्रवासात किती गेले, बँकेत काय केलं, संध्याकाळी सात ते अकरा काय केलं. प्रत्येकापुढे लिहा, यातून उठताना जीव हलका होता की जड. माझ्याकडे आलेल्या कितीतरी बायकांना हे केल्यावर कळलं की टेबलावरचे आठ तास हे दिवसातले त्यातल्या त्यात बरे तास आहेत. तिथे त्यांच्याकडे कुणी 'बिचारी' म्हणून बघत नाही, तिथे त्यांचं मत विचारलं जातं, तिथला पगार त्यांच्या नावावर जमा होतो. खरी शिणवणारी पाळी बँकेच्या आधी आणि नंतर असते. तसं निघालं आणि तुम्ही नोकरी सोडलीत, तर घरातली पाळी आठ तासांनी वाढेल, कारण आता तुम्ही 'घरीच' असाल. आणि उलट निघालं, बँकेत पाऊल टाकतानाच पोटात गोळा येतो असं दिसलं, तर निवृत्तीचा विचार भावनेच्या भरातला नाही हे तुम्ही यजमानांना कागद दाखवून सांगू शकता.

तरीही राजीनामा लिहिण्याआधी काही गोष्टी लेखी विचारून घ्या. 20 वर्षांच्या सेवेची अट तुम्ही पूर्ण केली आहे, तीन महिन्यांची नोटीस द्यावी लागेल. पण हातात येणारं पेन्शन नेमकं किती, ते आकड्यात घ्या. घराचं कर्ज बँकेचंच, कर्मचाऱ्यांच्या सवलतीच्या व्याजाने असेल, तर निवृत्तीनंतर दर तोच राहणार का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, आरोग्यविमा. आज बँकेच्या गटविम्यात तुमचा जुना आजार धरलेला आहे. कॅन्सर होऊन गेलेल्या माणसाला नवी वैयक्तिक पॉलिसी मिळवणं कठीण जातं, आणि मिळाली तरी आधीपासूनच्या आजारासाठी 36 महिन्यांपर्यंत थांबावं लागू शकतं (2024 च्या आधी ही मर्यादा 48 महिने होती). निवृत्तांसाठी गटविमा चालू ठेवायची सोय आहे का, हप्ता किती, याचं उत्तर हातात येईपर्यंत काही ठरवू नका. मधला रस्ताही असतो. घराजवळच्या शाखेत बदली मागता येते. वैद्यकीय कारणाने ती मागायला लाजू नका. साठलेली रजा किती आहे बघा, लांब मुदतीच्या बिनपगारी रजेची तरतूद आहे का विचारा. आणि दापोलीला आधी तीन आठवडे राहून या, पावसाळ्यात. मे महिन्यातलं माहेर सगळ्यांनाच हवंसं वाटतं. जुलैत वीज गेलेली असताना, जवळ मैत्रीण नसताना, रात्री हात ठणकला तर कुठे जायचं हे ठाऊक नसताना कसं वाटतं ते कळू द्या. तिकडे चिपळूणजवळ डेरवणच्या रुग्णालयात कॅन्सरचा विभाग आहे, एकदा जाऊन चौकशी करून ठेवा. एवढं करूनही तिथे राहावंसं वाटलं, तर तो विचार पक्का आहे.

यजमानांबद्दल थोडं. त्यांनी कर्ज पुढे केलं याचं तुम्हाला वाईट वाटलं, ते दिसतं. पण अडीच वर्षांपूर्वी याच माणसाने रुग्णालयाच्या बाकावर बसून पुढचा महिना कसा निघेल याचा विचार केला असेल. आज तो सहा वर्षांचा हिशोब मांडतो आहे आणि त्या सहाही वर्षांत त्याने तुम्हाला धरलं आहे. त्यालाही भीती वाटते, ती हप्त्यांच्या भाषेत बाहेर पडते. त्याच्याशी बोलताना 'मला स्वतःसाठी जगायचंय' असं मोठं वाक्य टाकू नका. त्यावर कुणालाच काही करता येत नाही, फक्त वाईट वाटून घेता येतं. करता येईल असं मागा. "मंगळवार आणि शुक्रवार सकाळचे डबे तुम्ही बघा. पोळ्यांना बाई लावू, पैसे माझ्या पगारातून. आईंच्या गोळ्या रात्री तुम्ही द्या. शनिवारी पाच ते सात मी घरात नसेन." वार, वेळ आणि माणसाचं नाव एवढं असलं की काम खरंच दुसऱ्याकडे जातं. नाहीतर 'मदत करतो' या आश्वासनावर थांबतं आणि आठवण करून देण्याचं काम तुमच्याकडेच राहतं.

सुरुवातीला डब्यात भाजी करपेल, सासूबाई तोंड वाकडं करतील, मुलगी म्हणेल 'बाबांना जमत नाही'. त्या दिवसांत तुम्ही स्वयंपाकघरात गेलात तर सगळं मुसळ केरात. महिनाभर दाराबाहेर थांबा. मुलगी बारावीत आहे म्हणून तिच्याकडून काहीच नको, हाही विचार सोडा. स्वतःचं ताट, स्वतःचे कपडे तिने बघितले तर मार्क कमी पडत नाहीत. तिच्याबद्दल एक वेगळी गोष्टही सांगते: तुमचं निदान पंचेचाळिशीच्या आसपास झालं आहे, तेव्हा हा कॅन्सर आनुवंशिक आहे का हे पाहणाऱ्या जनुकीय तपासणीची गरज आहे का, हे डॉक्टरांना विचारा. घाईची बाब नाही, पण ती खरोखर तुमच्या यादीत वर असायला हवी.

जी माणसं नकोशी वाटतात त्यांच्याशी भांडून नातं तोडायची गरज नसते. "या वेळी मला जमणार नाही" एवढं म्हणा आणि थांबा. कारण देऊ नका. कारण दिलं की समोरचा त्यावर तोडगा काढतो. आणि 'माझी तब्येत' हे कारण तर मुळीच नको; ते एकदा वापरलं की घर तुम्हाला पुन्हा आजारी समजायला लागतं, आणि तुम्हीही. जाऊबाईंना मात्र मनात आलं तर सांगा की पुनर्जन्म वगैरे म्हणण्यापेक्षा महिन्यातला एक रविवार आईंजवळ बसलात तर मला जास्त उपयोग होईल. त्या खरंच तुमचं भलं चिंतत असतील तर येतील.

वेळ हाती आला की मगच वही उघडा. सगळी कलमं आजच्या तुम्हाला हवीच आहेत असं नाही. प्रत्येकापुढे विचारा: हे मला करायला आवडतं, की मी ते केलं असं सांगायला आवडेल? गाणं मला पहिल्या प्रकारातलं वाटतं. घराजवळची एक बाई शोधा, आठवड्यातून एक तास. श्वास पूर्वीइतका लांब पुरणार नाही, हे तिला आधीच सांगा. परीक्षा नको, कार्यक्रम नको. आणि एखाद्या शनिवारी गाण्यालाही न जाता झोपावंसं वाटलं तर झोपा. वहीतलं एखादंच कलम उरलं तरी चालेल. आजारातून काहीतरी मोठं शिकून बाहेर यावं, असा दबाव हल्ली फार आहे. काही जणांना तसा अनुभव येतो, आणि तो खराही असतो. ज्यांना येत नाही त्यांचं बरं होणं कमी प्रतीचं ठरत नाही.

तपासणीच्या आधीचे दहा-पंधरा दिवस या कशालाच धरू नका. तेव्हा प्रत्येक दुखणं संशयास्पद वाटतं, झोप उडते, घरात शब्दाला शब्द वाढतो. त्या दिवसांत मोठा निर्णय नाही, पाहुणे नाहीत, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा. एरवी लक्ष द्यायच्या गोष्टी थोड्या आहेत: नवी गाठ, दोन आठवड्यांहून जास्त टिकणारं हाडांचं दुखणं, खोकला किंवा डोकेदुखी, दम लागणं, पाळी गेल्यावर पुन्हा रक्तस्राव. यातलं काही दिसलं तर तारखेची वाट न बघता फोन करायचा. बाकी दिवशी शरीराची झडती घेत बसायचं नाही. काही त्रास नसताना स्वतःच्या मनाने सगळ्या अंगाचे स्कॅन करून घेण्यातून आयुष्य वाढल्याचं दिसलेलं नाही. भीती मात्र वाढते.

आणि भीती अगदीच मान वर काढेल तेव्हा तिला एक काम द्या: इच्छापत्र करा, खात्यांवरची वारसदारांची नावं तपासा. इच्छापत्र साध्या कागदावर चालतं, दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात, नोंदणी सक्तीची नाही. ते केलं म्हणून काही अशुभ होत नाही. माझ्या ओळखीच्या अनेकांना ते करून आल्यावर त्या रात्री शांत झोप लागली.

हे उत्तर वाचणाऱ्या इतरांपैकी पुष्कळांकडे बँकेची नोकरी, पेन्शन, रजा यातलं काही नसेल. तोंडाच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन बोलणं बदललेला रिक्षावाला असेल, केमोनंतर शेतात उभं राहवत नाही अशी बाई असेल. त्यांना 'आयुष्यात काय महत्त्वाचं' असं विचारणं म्हणजे जखमेवर मीठ. त्यांच्यासाठी पहिली गोष्ट कमाई पुन्हा कशी सुरू होईल ही, आणि ती लहान मुळीच नाही. रुग्णालयात समाजसेवा विभाग असतो, उपचार संपल्यावरही तिथे जाता येतं. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत काय बसतं, बोलण्याच्या किंवा हाताच्या व्यायामाचे तज्ज्ञ कुठे भेटतील, मदत करणाऱ्या संस्था कोणत्या, हे तिथे विचारा. मन सतत काळवंडलेलं असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर 14416 हा टेलिमानसचा सरकारी क्रमांक चोवीस तास, फुकट चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. वाचक मैत्रीण, हा क्रमांक तुम्हीही जवळ ठेवा.

निवृत्तीचा निर्णय मुलीची परीक्षा आणि त्यानंतरची तुमची तपासणी होईपर्यंत बाजूला ठेवा. तोवर पेन्शनचा आकडा, कर्जाचा दर आणि विम्याचं लेखी उत्तर ही तीन कागदं बँकेतून मिळवा. डब्यांचे दोन वार मात्र याच आठवड्यात ठरवा, आणि महिन्याभराने त्यांचं काय झालं ते मला जरूर कळवा.